हरणाला कोणती रायफल? उत्तर कायद्याने कधीच दिलंय

मंडळी, तूर फुलोऱ्यात आली की पारावर एक विषय हमखास निघतो. रोही, रानडुकरं आणि हरणांचे कळप एका रात्रीत रान साफ करतात. मग कुणीतरी विचारतंच, "पॉइंट २२ ची छोटी रायफल घेतली तर?" मलाही हे बऱ्याचदा विचारलं जातं, म्हणून जरा मागून सांगतो.

१८५७ चा धसका घेतलेल्या इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्यांना सूट. पुढे लष्कराचं .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती नको म्हणून शिकारीत .३१५ बोअर रुजला. आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण भारतात आलो.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्याचं कलम १३ शेतकऱ्याने मुद्दाम वाचावं. पीक राखायला तिथे ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नसेल तर दुसरी, पण गुळगुळीत नळीचीच. पॉइंट २२ रायफल आहे ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, निशाणबाजीच्या सरावासाठी. म्हणजे छोटी रायफल कायद्याने शेतात आणलीच नाही.

मला यात शहाणपण दिसतं. पॉइंट २२ ची गोळी किलोमीटरहून लांब जाते. आपलं रान सपाट, पलीकडच्या वावरात कुणी जागलीला असतं. आणि दोनशे किलोच्या रोह्याला ती गोळी नीट मारत नाही, नुसतं जखमी करते.

मग आला १९७२ चा वन्यजीव कायदा. सुरुवातीला परवाना काढून शिकार करता यायची. १९९१ च्या दुरुस्तीने तेही संपलं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने पीक खाल्लं म्हणून मारायची परवानगी मिळतच नाही. रोही आणि रानडुकरासाठी कलम ११ खाली परवानगीची वाट आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये ती वनक्षेत्रपालाच्या पातळीवर आणली. पण मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता, मटणाचा विषयच नाही.

आता माझं मत. कायदा प्राण्याच्या बाजूने भक्कम उभा आहे, जागलीवर रात्र काढणाऱ्या माणसाच्या बाजूने कागदापुरता. ज्याच्याकडे बंदूकच नाही त्याने ती परवानगी घेऊन करायचं काय? या रागातूनच काही जण तारेत करंट सोडतात. त्यात जनावर मरतं, कधी शेजारचा माणूसही मरतो, आणि सोडणारा तुरुंगात जातो. हे करू नका.

रायफलीच्या चौकशीपेक्षा नुकसान दिसल्या दिवशी वनविभागाकडे अर्ज द्या, पंचनामा मागा, पोच घ्या. आणि येत्या ग्रामसभेत सामूहिक कुंपणाचा ठराव घ्या. एकट्याने कुंपण घातलं तर कळप शेजाऱ्याच्या तुरीत जातो, हे आपण सगळेच बघतोय.

तुमच्या गावात भरपाईचा अनुभव काय आहे? खाली लिहा.