चाक फिरतंय, गाडी नाही: डिफरेन्शियल लॉकची गोष्ट

आजचा एपिसोड चिखलात सुरू होतो.

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या अलीकडे एका कच्च्या रस्त्यावर माझी जुनी फोर-बाय-फोर अडकली. पुढचं एक आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं एक चाक गरगर फिरत होतं. उरलेली दोन घट्ट जमिनीवर होती, पण ढिम्म! बीटेक करूनही मला कळेना की चारही चाकांना ताकद असताना गाडी हलत का नाही. शेवटी गावातले एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांचंही एक चाक घसरायला लागलं. त्यांनी पायाशी असलेलं छोटं पेडल दाबलं, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरली आणि आम्ही बाहेर. "तुमच्या गाडीला हे नाही होय?" एवढंच म्हणाले.

ते पेडल म्हणजे डिफरेन्शियल लॉक. आता मला माझ्या गाडीला तसं काहीतरी बसवायचंय. बाजारात चार-पाच प्रकार आहेत. त्यातला कुठला घ्यायचा हे शोधताना मी सरळ इतिहासात शिरलो.

आधी डिफरेन्शियल कशाला लागतो ते बघू. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही एकाच दांड्याला जखडली तर एक फरफटणारच. यावर फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने 1828 मध्ये वाफेच्या गाडीसाठी पेटंट घेतलं. 1877 मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्लीने हीच युक्ती तीनचाकी सायकलला लावली. पुढे मोटारींनी ती उचलली.

पण या युक्तीत एक मेख आहे. साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. चिखलातलं चाक जेमतेम टॉर्क घेऊ शकतं, म्हणून कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. ताम्हिणीत माझं हेच झालं, पुढेही आणि मागेही.

1930 च्या दशकात हाच त्रास रेसिंगमध्ये झाला. फर्डिनांड पोर्शेने ऑटो युनियनसाठी बनवलेली कार इतकी ताकदवान होती की मागचं एक चाक भलत्या वेगातही घसरायचं. झेडएफ कंपनीने त्यावर लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल बनवला. गंमत म्हणजे असाच डिफरेन्शियल पुढे कुबेलवॅगन या जर्मन लष्करी गाडीत गेला. तिला फोर-व्हील ड्राइव्ह नव्हता, नुसती मागची चाकं चालायची. तरी ती वाळूत आणि चिखलात टिकली.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी ट्रकांना 'नो-स्पिन' बसले. त्यांनाच पुढे डेट्रॉइट लॉकर म्हणायला लागले. यात दोन्ही चाकं कायम जखडलेली असतात. वळणावर बाहेरचं चाक दात्यांवरून टकटक करत सुटतं आणि पुन्हा अडकतं. पकड जबरदस्त, पण त्या झटक्यांनी गाडी मध्येच बाजूला ओढली जाते.

मग आला टॉर्सन. व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकन माणसाच्या डोक्यातून निघालेला, फक्त गिअरांवर चालणारा. कमी पकड असलेलं चाक जेवढा टॉर्क घेतं, त्याच्या काही पट तो दुसऱ्याला देतो. पण चाक हवेत असेल तर? शून्याला कितीनेही गुणा, शून्यच! अमेरिकन लष्कराच्या हमवीत टॉर्सनच आहे. म्हणून तिचे ड्रायव्हर अशा वेळी ॲक्सिलरेटरसोबत हलका ब्रेकही दाबतात, म्हणजे त्या चाकाला थोडा विरोध मिळतो.

आपल्याकडे महिंद्राने 2015 च्या थारमध्ये मागे ईटनचा मेकॅनिकल लॉकर दिला. दोन चाकांच्या वेगात ठराविक फरक पडला की तो आपोआप लॉक होतो. म्हणजे आधी चाक घसरावं लागतं. पुण्यातल्या फोर्सने गुरखात वेगळी वाट धरली, पुढचा आणि मागचा लॉक ड्रायव्हरच्या हातात दिला. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा एअर लॉकर याच विचाराचा, फक्त तो कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतो.

एवढं सगळं बघितल्यावर माझा प्रश्नच बदलला. 'सगळ्यात भारी कुठला?' हा प्रश्न सोडा. चाकं कधी जखडायची हे कोण ठरवणार, ते विचारा. डेट्रॉइटमध्ये ते दाते ठरवतात, थारमध्ये वेगातला फरक, गुरखात तुम्ही.

माझी गाडी शनिवार-रविवार चिखलात असते, पण आठवडाभर आई तीच मंडईत नेते. पावसात घाटातल्या ओल्या वळणावर गाडीने स्वतःच्या मनाने झटका द्यावा, हे मला परवडणार नाही. लिमिटेड स्लिप किंवा टॉर्सन रस्त्यावर छान, पण मी अडकलो होतो तिथे चाक जवळजवळ हवेतच होतं. म्हणून माझा निर्णय: बटणावर चालणारा लॉकर, आणि आधी फक्त मागे. पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग जड होतं, गाडी वळायला तयार नसते. खर्च जास्त आहे, वायरिंग आणि हवेच्या नळ्या सांभाळाव्या लागतील. पण बटण बंद असताना गाडी आईला नेहमीसारखीच वाटेल.

तुम्ही असा लॉकर घेतलात तर एक पाळा: खड्ड्यात शिरायच्या आधी लॉक लावा, चाक जोरात फिरत असताना नको. आणि डांबरी रस्ता लागला की आठवणीने काढा.

थोडक्यात काय, एवढा इतिहास वाचून मी काकांच्या पेडलापाशीच येऊन थांबलो. भेटू पुढच्या भागात!