सहलीचा महिना आणि खजाना विहीर

बीड जिल्ह्यातील शाळांच्या सहली मार्गशीर्ष-पौषात निघतात. त्यामागची कारणे समजण्याजोगी आहेत. हवा कोरडी असते, सहामाही परीक्षा उरकलेली असते, एस.टी.ची गाडी सवलतीच्या दरात मिळते. रायगड, प्रतापगड, वेरूळ, अजिंठा ही ठिकाणे ठरलेली. मुले पहाटे तीनला शाळेच्या पटांगणात गोळा होतात, घाटात ओकतात, गाणी म्हणतात आणि परतल्यावर 'माझी सहल' हा निबंध लिहितात. या प्रथेची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. आमच्यापैकी काहींनी पहिला किल्ला पाहिला तो अशाच सहलीत.

परंतु त्या गाडीत कोण नसते, याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. ज्यांची मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतात ती राहतात. बाकीची आईबापांबरोबर फडावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. हजेरीपटावर त्यांची नावे असतात, सहलीच्या यादीत नसतात. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवणारी माणसे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आसपासच्या प्राथमिक शाळांतील मुलांना परिसर दाखवण्याचा उपक्रम आम्ही सुरू केला, तोही जानेवारीतच. पहिल्या वर्षी मुले कमी आली याचा दोष आम्ही पालकांच्या अनास्थेला दिला होता. हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

पुढे आम्ही वेळ बदलली आणि भाद्रपदात खजाना विहिरीवर गेलो.

ही विहीर बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरवर आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत सलाबतखान नावाच्या जहागीरदाराने ती बांधवली. तिचे वैशिष्ट्य असे की मोट नाही, बैल नाही, केवळ जमिनीचा उतार साधून भुयारी मार्गाने पाणी विहिरीत येते आणि दुसऱ्या भुयारातून शेता-बागांकडे जाते. नगरला निजामशाहीने खापरी नळांनी पाणी आणले, पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, नहर खोदली. बीडची विहीर याच विद्येतली. ज्या प्रदेशाने १९७२चा दुष्काळ सोसला आणि ज्याच्या वाट्याला पुढेही टँकरचे उन्हाळे आले, तेथील मुलांना इतिहास शिकवायला याहून योग्य जागा आम्हांस ठाऊक नाही.

तेथे चौथीतल्या एका मुलाने विचारले, "हे निजाम म्हणजे रझाकारवाले का?" प्रश्न अगदी स्वाभाविक होता. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या भाषणात तो निजामाचे नाव ऐकतो. चौथीच्या 'शिवछत्रपती' पुस्तकात निजामशाही वाचतो. दोन्ही शब्द एकच वाटणार. नगरची निजामशाही १६३६मध्ये संपली. हैदराबादच्या निजामांचे घराणे १७२४पासून पुढचे, आणि १९४८ साली संपलेली राजवट ती त्यांची. दोहोंमध्ये जवळजवळ नव्वद वर्षांचे अंतर आहे. वर्गात हा फरक फळ्यावर लिहून सांगता येतो, पण तो प्रश्न वर्गात उद्भवत नाही. विहिरीच्या काठावर उद्भवला, कारण एवढे मोठे काम कोणी केले आणि का, हे कुतूहल आधी जागे झाले होते.

सनावळीचेही तसेच. या विहिरीचे साल कोठे १५७२ तर कोठे १५८२ असे छापलेले आढळते. मूळ नोंद हिजरी ९९१ची. आम्ही मुलांना तोच हिशोब घातला. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. आपले पंचांगही महिने चंद्रावर मोजते, पण अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखते, म्हणून दिवाळी उन्हाळ्यात येत नाही आणि रमजान मात्र सर्व ऋतूंतून फिरतो. ही गोष्ट मुलांना आम्ही सांगण्याआधीच माहीत होती. त्यांच्या वर्गमित्रांच्या घरी रोजे कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात येतात हे आजोबांकडून त्यांनी ऐकले होते. हिशोब करता ९९१ हे वर्ष १५८३च्या जानेवारीअखेरीस सुरू होते असे निघाले. छापील साल चुकू शकते, ही कल्पना त्यांना फारच आवडली. आम्हांला ती जरा अडचणीची वाटली, कारण नंतर त्यांनी आमच्याही विधानांवर शंका घ्यायला सुरुवात केली. असो.

पावसाळ्याच्या अखेरीस गेल्याचा आणखी एक लाभ झाला, तो म्हणजे बालाघाटावर सीताफळे डोळे उघडू लागतात तो हा काळ. बीडच्या सीताफळाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावामुळे सर्वांना वाटते की हे झाड रामायणकाळापासून येथे आहे. वस्तुतः ते अमेरिका खंडातले, आणि पोर्तुगिजांच्या व्यापाराबरोबर इकडे आले असे सामान्यतः मानले जाते. एका फळात वनस्पतिशास्त्र, व्यापाराचा इतिहास आणि लोककथा अशा तिन्ही गोष्टी सापडतात. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्याचे, जे १९९४ साली घोषित झाले, तेही याच प्रकारचे: मोर पिसारा फुलवून नाचतो तो पावसाळ्यात, आणि पाऊस ओसरता ओसरता त्याची पिसे गळू लागतात. पौषातली सहल नाचणाऱ्या मोराची वेळ चुकवून तेथे पोचते. निसर्गाच्या वेळापत्रकातही सहलीचा महिना बसत नाही, हे आम्हांस तेव्हा उमगले.

शाळेने मुलाच्या मागे जावे, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे जेथे चरत तेथेच शिक्षण. अंगणवाडीच्या कल्पनेमागेही हेच तत्त्व होते. त्यांचे शिकवण्याचे साहित्यही पाने, बिया, खडे, शंख अशा परिसरातल्या वस्तूंचे असे. अंगणवाडी हा शब्द पुढे साऱ्या देशाने उचलला. कुरणशाळेला ते भाग्य लाभले नाही. आम्हांला मात्र बीडपुरता कुरणशाळेचाच विचार अधिक उपयोगी वाटतो, कारण येथे गैरहजेरीचे कारण कामाच्या हंगामात आहे आणि हंगाम आधीपासून ठाऊक असतो.

यावर मुख्याध्यापकांचे आक्षेप आम्ही ऐकले आहेत आणि ते खोटे नाहीत. पावसाळ्यात विहिरीचा काठ निसरडा असतो, साप-विंचवाचे भय असते, रस्ता चिखलाचा. आम्ही एका वेळी पंधराच मुले नेली, काठापासून चार हात दूर दोरी बांधली, दोन शिक्षक दोरीपाशीच उभे ठेवले, आणि एकदा आभाळ भरून आल्यावर अर्ध्या वाटेतून परतलो. उरलेली मुले दुसऱ्या दिवशी गेली. सहामाहीच्या अभ्यासाचे दोन दिवस त्यात गेले, तीही तक्रार आली.

त्या दुसऱ्या दिवशीच्या गटात एक पाचवीतली मुलगी होती. तिने वहीत विहिरीचे चित्र काढले, भुयारांना बाण दाखवले, आणि आम्हांला विचारले की साखर कारखान्याच्या गावी अशी विहीर असते का. आम्ही म्हणालो, असू शकेल, तेथे गेल्यावर म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. तिने वहीच्या मागल्या पानावर ते लिहून घेतले. पाडव्यानंतर शाळेत आली तेव्हा त्या पानावर दोन विहिरींची नावे होती, आणि एकीच्या पुढे 'पायऱ्या २७, पाणी खारट' असे लिहिले होते.