घटका भरली

जरीपटका वस्तीतल्या आमच्या इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत मी पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर सोडला आणि त्याला डेटा लॉगर जोडला. टाकी रिकामी असली की ४ मिलिअँपिअर, ३ मीटर पाणी असलं की २०. नोंद दर १५ मिनिटांनी, अलार्मची तपासणी दर सेकंदाला, भोंगा २.७५ मीटरवर. रात्री नळ आला. धारेखाली पाणी हिंदकळू लागलं, आकडा २.७५ च्या वर-खाली नाचू लागला आणि भोंगा वाजे, थांबे, परत वाजे. शेजारचे काका गॅलरीतून ओरडले, "का भाऊ, भरली का हो तुमच्या टाकीची घटका?"

झोप गेली ती गेलीच, पण 'घटका' हा शब्द डोक्यात बसला.

लॉगरची रूढ वंशावळ एका ओळीची आहे. जहाजाचा वेग मोजायला गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा ओंडका, म्हणजे 'लॉग', बांधून समुद्रात टाकत. ज्या वहीत तो वेग उतरवत ती लॉगबुक. पुढे १८३१ मध्ये इंग्लंडात शीअरनेसला भरती-ओहोटी आपोआप कागदावर उतरवणारं यंत्र बसलं, मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासूनच्या. 'अलार्म' मूळचा इटालियन, अर्थ 'शस्त्रं उचला!' मराठ्यांच्या युद्धध्वजाचं नाव मिरवणाऱ्या वस्तीत तो वाजावा, हा योग मला भारी आवडतो. पण पाण्याच्या पातळीवरून टोला देण्याची आपली चाल याहून जुनी.

घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर तरंगत ठेवायची. हळूहळू भरते, काठापर्यंत आली की डुबुक करून बुडते. २४ मिनिटं झाली. दिवसाच्या अशा ६०. ती बुडाली की माणूस 'तास' नावाच्या धातूच्या थाळीवर टोला हाणी. बाबरानं आपल्या आठवणींत या टोलेवाल्यांबद्दल लिहिलं आहे. रात्री नुसत्या घटकांचे टोले ऐकून प्रहर कोणता ते कळेना, म्हणून त्यानं प्रहराची खूणही वाजवायला लावली. मला विचाराल तर हा अलार्मच्या सेटिंगमधलाच बदल.

माझा लाडका दावा असा: 'घटका भरली' हा काळाचा नव्हे, पातळीचा अहवाल आहे. प्रतिपक्ष म्हणतो, घटका हे वेळेचं माप, पाणी निमित्तमात्र. मग ती 'सरली' का नाही, 'भरली' का? यावर उत्तर येतं की दिवसही भरतात, गरोदर बाईचे महिनेही भरतात, तिथे कुठली वाटी? इथे माझी बाजू जरा लंगडते. तरी माझा अंदाज ठाम आहे: काळ 'भरतो' ही कल्पनाच वाटीनं शिकवली, महिने मागाहून आले. पापाचा घडा तर उघडच माझ्या बाजूचा साक्षीदार.

आणि 'गजर'? तो 'गर्ज'पासून आला असं मानतात, आणि आपल्या कानाला आधी टाळ-मृदंगाचा गजर आठवतो. पण हिंदीत गजर म्हणजे प्रहर संपतानाचे टोले. घड्याळाला आपण गजर लावतो तो या तासावरूनच आला असणार, मंदिरातून नव्हे. 'घड्याळ' तरी कुठून आलं, घटिकेतूनच ना!

दुसऱ्या दिवशी मी लॉगरमध्ये ३० सेकंदांचा विलंब टाकला. भोंगा २.७५ ला सुरू व्हावा आणि २.६५ खाली गेल्याशिवाय थांबू नये असंही केलं. वाटीला यातलं काही लागत नसे: एकदा बुडाली की हातानं वर काढेपर्यंत बुडालेलीच, अर्धवट बुडून परत तरंगणं तिला जमतच नाही. लॉगरमध्येही तशी सोय सापडली, माणसानं बटण दाबेपर्यंत अलार्म धरून ठेवण्याची. तीही चालू केली. बटण जिन्याखाली आहे, आणि ते दाबण्याचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं आहे.