हंडींतील प्राणवायु

वडसा गांवाजवळून वैनगंगा वाहते आणि या मुलुखांत जागोजाग जुने तलाव आहेत. कोहळी लोकांनीं ते भातशेतीसाठीं बांधले; त्यांत मासेहि वाढत. मात्र एक अडचण होती. रोहू, कटला, मृगळ हे मासे तलावांत वाढतात, पण तेथें सहसा अंडीं घालीत नाहींत. त्यासाठीं पुराचें वाहतें पाणी लागतें. म्हणून त्यांचें बीज नदीवरून आणावें लागे. बंगालचें बीज तर हावड्याहून आगगाडीनें दूरदूरच्या प्रांतांत जाई.

हा प्रवास मातीच्या हंडींतून होई. हंडीच्या अंगांतून पाणी पाझरे आणि आंतील पाणी थंड राही. हंडीवाला वाटभर पाणी हातानें थोपटी किंवा हंडी हलकेंच हिंदकळवी. रात्रीं त्याचा डोळा लागला, तर सकाळीं मेलेलें बीज पांढरें होऊन तरंगे आणि वर्षभराची आशा बुडे.

लहानपणीं वडसा स्टेशनवर, गोंदियाकडून येणाऱ्या अरुंदमापी गाडींतून उतरलेला असा एक हंडीवाला मीं पाहिला. बोलतांनाहि त्याचा हात थांबत नव्हता. पाणी स्वस्थ राहिलें कीं मासा गुदमरतो, एवढेंच त्यानें सांगितलें.

त्याचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. प्रीस्ट्लेनें १७७४ सालीं प्राणवायु वेगळा केला. एक लिटर हवेंत तो सुमारें २८० मिलिग्रॅम असतो. तितक्याच पाण्यांत २० अंश उष्णमानास अवघा ९, आणि ३० अंशांस साडेसात. एवढी तुटपुंजी शिदोरी दाटीवाटीनें भरलेलें बीज लवकरच संपवितें. पाणी ढवळलें म्हणजे वरच्या हवेंतून ती पुन्हां भरून येते.

पुढें १९५७ सालीं ओरिसांत हिरालाल चौधुरी व अलिकुन्ही यांनीं पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून या माशांना अंडीं घालावयास लाविलें. बीज जवळपास तयार होऊं लागलें, आणि प्राणवायूनें फुगविलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीनें हंडीची जागा घेतली. आज मरळीसाठीं गळाला लावावयाचे जिवंत छोटे मासे नेणारा हौशी शिकारीहि डब्यावर विजेरीचा लहान पंप बसवितो. त्याचे बुडबुडे पाण्यांत हवा मिसळवितात. हंडीवाल्याचा हात याहून निराळें कांहीं करीत नव्हता.

तेव्हां या यंत्राची कथा सांगतांना आपण पंपापासून आरंभ करूं नये; रात्रभर जागलेल्या त्या हातापासून करावा.