चल लक्ष्य आणि त्याचा प्रतिध्वनी

शास्त्राचा इतिहास म्हटला की प्रयोगशाळेत एकटाच बसलेला शास्त्रज्ञ डोळ्यांपुढे उभा राहतो. आम्ही आयुष्यभर कामगारांत वावरलो. त्यामुळे आम्हांला या इतिहासात इतरही माणसे दिसतात.

ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली प्रागमध्ये असे मांडले की, लहरींचा उगम जवळ येत असेल तर त्यांची कंपनसंख्या वाढते, दूर जात असेल तर घटते. १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी उत्रेख्त-मार्सेन लोहमार्गावर आगगाडीत तुतारीवाले बसविले, रुळांच्या कडेला तयार कानाचे वादक उभे केले, आणि हे पडताळून पाहिले. सिद्धांत डॉप्लर यांचा. साक्ष मात्र वादकांची!

रडारला हाच नियम उपयोगी पडला आणि त्यानेच पेचही घातला. ३ सेंटिमीटर लांबीची लहर सेकंदाला ३०० मीटर वेगाने समोरून येणाऱ्या विमानावर आपटून परतली, की तिची कंपनसंख्या सुमारे २०,००० हर्ट्झने वाढते. त्यावरून वेग कळतो. परंतु साध्या एकसुरी संकेताने वेग नेमका कळायचा तर हाक लांब हवी, आणि अंतर नेमके कळायचे तर ती तोकडी हवी. सूर चढता ठेवला तर लांब हाकेनेही अंतर कळते. पण मग अंतर आणि वेग एकमेकांत मिसळतात. १९५३ साली इंग्लंडमधील फिलिप वुडवर्ड यांनी आपल्या ग्रंथात दाखविले की, ही संदिग्धता नष्ट होत नाही. वाळूच्या ढिगाप्रमाणे एका जागी दाबली की ती दुसरीकडे वर येते.

पाण्यातील सोनारची अडचण याहून मोठी. तेथे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटरच. सेकंदाला १५ मीटर वेगाने समोरून येणाऱ्या जहाजाचा प्रतिध्वनी जवळजवळ २ टक्के आखडतो. केवळ सूर चढत नाही, सगळी हाकच आक्रसते. मूळ हाकेशी ती जुळेनाशी होते. यावर उपाय असा की, उतरत्या सुराचा आवर्तकाल ठरावीक दराने वाढवीत न्यायचा. अशी हाक आखडली तरी मूळ हाकेशी बहुतांशी जुळते, फक्त वेळेत थोडी सरकते. १९७० साली आल्टेस व टिटलबाउम यांनी काही वटवाघळांचे आवाज याच घडणीचे असल्याचे दाखविले.

तात्पर्य, सर्वगुणसंपन्न संकेत नाही. कोणती चूक पत्करायची हे आखणारा ठरवितो. तिची किंमत मोजतो तो यंत्रापाशी बसलेला खलाशी. म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, हा निर्णय घेताना त्या खलाशालाही विचारले पाहिजे.