यहुदी परंपरेतील शोकविधी : दुःखाला समाजाची सोबत

दुःख का येते, या प्रश्नाचे एकच उत्तर यहुदी परंपरेने दिलेले नाही. ईयोबाच्या पुस्तकात देव ईयोबाशी बोलतो; मात्र त्याच्या यातनांचे कारण सांगत नाही. दुःखिताप्रती इतरांचे कर्तव्य कोणते, याविषयी मात्र ही परंपरा अत्यंत स्पष्ट आहे. जुन्या कराराशी परिचित असलेल्या आमच्या वाचकांना तिची थोडक्यात ओळख व्हावी, म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

सात दिवस

मृत्यू घडल्यावर जवळचे आप्त देवाला 'सत्य न्यायाधीश' म्हणून धन्यवादित करतात व अंगावरील वस्त्र फाडतात. योसेफ मरण पावला असे समजून याकोबानेही आपली वस्त्रे फाडली होती. दफनानंतरच्या सात दिवसांना 'शिवा' म्हणतात. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ 'सात' असाच आहे. या काळात शोकग्रस्त घरीच राहतात व जमिनीवर किंवा ठेंगण्या आसनावर बसतात. दफनानंतरचे पहिले जेवण त्यांनी स्वतःच्या घरचे घ्यायचे नसते. ते शेजाऱ्यांनी आणायचे असते. त्यात परंपरेने उकडलेली अंडी व मसूर असतात.

सांत्वनास आलेल्यांनी, शोकग्रस्त बोलेपर्यंत आपण बोलू नये, असा तालमूदचा दंडक आहे. त्याचा आधारही ईयोबाच्या पुस्तकातच आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ निःशब्द बसून राहिले. ते बोलू लागले, तेव्हाच त्यांचे चुकले.

शोकाची मर्यादा

सात दिवसांनंतर दफनापासून तिसाव्या दिवसापर्यंत सौम्य शोक असतो; आईवडिलांसाठी तो वर्षभर पाळला जातो. शब्बाथ दिवशी उघड शोक थांबतो. या मर्यादांपलीकडे अतिशोक करू नये, असे तालमूद सांगते. पूर्वी अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता की, आप्त मृतदेह टाकून पळून जात. तेव्हा रब्बान गमलिएल यांनी आपल्या देहाला साधे तागाचे वस्त्र गुंडाळण्यास सांगितले व तोच प्रघात पडला. मृत्यूपुढे श्रीमंत व गरीब सारखेच, हा त्यामागील बोध आहे.

कद्दिश प्रार्थना

आईवडिलांच्या निधनानंतर साधारणपणे अकरा महिने अरामी भाषेतील 'कद्दिश' म्हटली जाते. तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही. आहे ती देवनामाची स्तुती. परंतु ती एकट्याने म्हणता येत नाही. त्यासाठी दहा प्रौढ उपासकांचा 'मिनियान' लागतो. पारंपरिक पंथांत केवळ पुरुषांची गणना होते, तर सुधारणावादी पंथांत स्त्रियांचीही. ज्याला एकांतात कोसळावेसे वाटते, त्याला ही प्रार्थना लोकांमध्ये आणते. आणि इतर नऊ जणांना त्याच्यासाठी घर सोडून यावे लागते.

समाजाचे दुःख

इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. आव महिन्याच्या नवव्या दिवशी यहुदी लोक उपवास करतात व जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. विवाहसमारंभातही काचेचा पेला फोडला जातो. त्या भग्न मंदिराची ती आठवण मानली जाते. समाजाचा शोक व व्यक्तीचा आनंद एकमेकांपासून तोडू नयेत, असा त्याचा आशय आम्हांस दिसतो.

कोकणातील बेने इस्रायल

महाराष्ट्रातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजाची कथाही संकटापासूनच सुरू होते. नौगावजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे त्यांची परंपरा सांगते. ते तेलघाण्याचा व्यवसाय करीत व शब्बाथला घाणा बंद ठेवीत; म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. कोकणातील जुनी सिनेगॉग आजही उभी आहेत. परंतु अनेक ठिकाणी प्रार्थनेसाठी दहाजण जमवणे कठीण झाले आहे.

दहाजण नसतील, तर कद्दिश म्हणता येत नाही. शोकग्रस्ताला सर्वाधिक गरज शब्दांची नसून माणसांची असते, ही या परंपरेची शिकवण त्या रिकाम्या आसनांवरून अधिक कळते. आपल्या शेजारी एखाद्या घरी मृत्यू झाल्यास प्रथम जेवणाचा डबा न्यावा, शेजारी बसावे आणि बोलणे त्यांच्यावर सोपवावे, एवढे तरी आपणां सर्वांना यातून घेता येईल.