पालवणची देवराई

कोकणात खाडीकाठची खारफुटी लाटांचा जोर मोडते, माती धरून ठेवते, मासळीच्या पिलांना आसरा देते. आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटाचे डोंगर आहेत. मात्र झाडाचे काम तेच. डोंगर बोडका झाला की पावसाबरोबर माती जाते, पाणी मुरत नाही. पूर्वी देवाच्या धाकाने देवराया राखल्या गेल्या. बीडजवळ पालवणला वन विभाग आणि अभिनेते सयाजी शिंदे यांच्या 'सह्याद्री देवराई'ने उजाड डोंगरावर देशी झाडे लावली. फेब्रुवारी २०२०मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले. अध्यक्षपदी होते वडाचे झाड! डोंगरावर पाणी थांबले, तर ऊसतोडीला निघणारे काही कोयते तरी घरी राहतील, असे मला वाटते.